गणपती वल्द तुकाराम

परभणी जिल्ह्यात हल्ली दोन माणसं भेटली की पाऊसपाण्याच्या आधी विचारतात, "नोंद सापडली का?" 2023 साली मराठवाड्यातल्या निजामकालीन कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि पितृपंधरवड्यात एका घासापुरते आठवणारे खापरपणजोबा एकदम भाव खाऊ लागले. मराठा आरक्षणाचं राहू द्या, त्यावर बोलायला पारावर पुरेशी माणसं आहेत. मला गंमत वाटते ती या शोधाची. गावात कागद मिळाला तर ठीक, नाही तर जिल्ह्याचं दप्तर. "बनी तो बनी, नहीं तो परभणी" ही म्हण जणू याच कामासाठी पडली असावी.

समजा, वाळवीने कोपरे कुरतडलेला कागद हाती लागला. 'गणपती वल्द तुकाराम, सन 1305.' छाती फुगते. 1305 म्हणजे देवगिरीवर रामदेवराव यादव! मग कोणी जाणता सांगतो, "बाबा, हे फसली साल. यात 590 मिळव." आले 1895. एका बेरजेत आजोबा यादवांच्या काळातून थेट निजामाच्या रयतेत येऊन पडतात.

पुढची पंचाईत नावाची. आपल्याकडे आजाचं नाव नातवाला. त्यामुळे गणपती वल्द तुकाराम, तुकाराम वल्द गणपती, पुन्हा गणपती वल्द तुकाराम. यातला आपला कुठला? त्यात लिपीची तऱ्हा. उर्दू लिहिणाऱ्या कारकुनाने घाईत नुक्ते गाळले की बापू आणि बाबू एकच, नाना आणि ताताही एकच. मोडीला ऱ्हस्व-दीर्घाचं सोयरसुतक नाही आणि शब्द सुटे लिहायची सवयही नाही. निजामाच्या शाळेत उर्दूतून शिकलेले गावातले नव्वदीचे आजोबा, ज्यांना कालपर्यंत कोणी चहा विचारत नव्हतं, त्यांच्या ओट्यावर आता मोटारसायकली लागतात. चष्मा पुसत ते इतका वेळ घेतात की समोरच्याला दुसरा चहा मागवावाच लागतो.

घरातल्या म्हाताऱ्यांचा हिशोब मात्र या दप्तराहून पक्का. "तुकाराम गेला मोठ्या दुष्काळात, रेल्वे आली तवा." दुष्काळ 1899-1900 चा आणि मनमाडहून परभणीवरून हैदराबादेकडे जाणारी रेल्वेही त्याच सुमाराची. आकडा एकही नाही, पण साल बरोबर.

सरकारला तुकारामाकडून सारा हवा होता, म्हणून जमीन किती आणि थकबाकी किती एवढं त्याने जपून ठेवलं. तो भजनाला बसायचा की तमाशाला, याची नोंद नाही. त्याच्या बायकोची तर अजिबातच नाही, कारण 'वल्द'च्या पुढे बापच लागतो. भावकीतल्या चार घरांत राधा नावाच्या पोरी आहेत, त्यावरून काय तो अंदाज करायचा.

आपल्याच जिल्ह्यातल्या पाथरीचं बघा ना. साईबाबांनी हयातभर स्वतःचं कूळ-गाव कुणाला धड सांगितलं नाही आणि 1918 च्या दसऱ्याला देह ठेवला. त्यानंतर शंभर वर्षांनी, जानेवारी 2020 मध्ये, पाथरीला जन्मस्थान म्हटलं म्हणून शिर्डी बंद राहिली. जगाला ठाऊक असलेल्या माणसाची ही कथा, तर आमचा तुकाराम कोण?

बरं, नोंद सापडूनही भागत नाही. रक्ताच्या नात्यातल्या एकाची सापडली की इतरांना चालते, पण वंशावळ जुळवून दाखवावी लागते आणि त्यासाठी भावकी लागते. नेमकी नोंद निघते ती ज्याच्याशी वीस वर्षं बोलणं बंद आहे, त्या चुलत्याच्या पेटीत. पोरगा पेढे घेऊन जातो, पाया पडतो. काका कागद मांडीखाली सारून म्हणतात, "देऊ की. तुझाबी तो आजाच हाय. पण आधी बांधाचं काय ते बोल."