जाकीट की विंग?

विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला डबा बांधायचा की सुका भोपळा, हा प्रश्न गंगापूरकडे घरात काय रिकामं आहे यावर सुटायचा. मालवणला स्कूबा शिकायला निघालेल्या नवशिक्याला मात्र हवा भरून तरंगवणारं जाकीट घ्यावं की फक्त पाठीमागे फुगणारा ‘विंग’, याचा निकाल समुद्र पाहण्याआधीच हवा असतो. फरक खोटा नाही. जाकिटाची हवा कुशीलाही भरते, म्हणून पाण्यावर माणूस आरामात उभा तरंगतो. विंगची हवा पाठीशी असल्याने पाण्याखाली शरीर छान आडवं राहतं, पण वर आल्यावर ती जास्त भरली की तोंड पुढे ढकललं जातं.

नवशिक्या गटांगळ्या खातो ते या फरकामुळे नव्हे. दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो, हवेचं आकारमान निम्मं होतं. महागड्या विंगला त्यात सवलत नाही. त्यातून कमरेला गरजेपेक्षा जास्त शिसं बांधलेलं असेल, तर ते पेलायला जास्त हवा लागते आणि तीच वरखाली नाचवते. ‘पुढे विंग लागणारच, मग आत्ताच का नको?’ हा युक्तिवाद बिनतोड वाटतो, फक्त ‘पुढे’ जाणार हे त्यात परस्पर ठरलेलं असतं. तारकर्लीच्या हौशी बुडीत तर हवा भरणं-सोडणं प्रशिक्षकच करतो. पाहुण्याने श्वास घ्यायचा आणि कॅमेऱ्याकडे हात हलवायचा. तेव्हा मापात बसणारं जाकीट भाड्याने घ्यावं. विंग घेतलाच, तर तो वाळवायला गंगापुरात ऊन मुबलक आहे.