वाफसा बघणारे नाना

नाना तुम्हाला माहीत आहेत. तुमच्या क्लबात ते टेबल टेनिसच्या बॅटचं रबर सोलत बसतात. आमच्याकडे ते रिमोटच्या गाड्या पळवायला येतात. म्हणजे येतात, पळवत नाहीत.

पुण्याबाहेरच्या एका मोकळ्या प्लॉटवर रविवारी आमची शर्यत असते. मुरुमाचा ट्रॅक, उड्यांसाठी उंचवटे, खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाच्या बग्ग्या. सगळे बॅटऱ्या जोडत असताना नाना उकिडवे बसतात, चिमूटभर माती बोटांत चुरतात, हुंगतात आणि जाहीर करतात, "अजून वाफसा नाही." म्हणजे मातीतली ओल अजून बेताची झालेली नाही.

मग टायरची पेटी उघडते. भुसभुशीत मातीला लांब काटे, कारण ते रुततात. तीच जागा गाड्यांनी घासून टणक झाली की लांब काटे दुमडतात आणि गाडी वळणावर घसरते. तिथे बारीक काटे. इथपर्यंत कोणीही ऐकून घेईल. पण नानांना अजून रबर किती मऊ आणि आतला फोम किती कडक हेही ठरवायचं असतं. अखेर टायर रिमला चिकटवून, गोंद वाळवून ते उठतात, तोवर पहिली फेरी संपलेली आणि ऊन चढलेलं असतं. नाना पुन्हा उकिडवे. "गेला वाफसा!"

एकदा कोणी तरी झारीने ट्रॅकवर पाणी मारलं, तर नाना दिवसभर त्याच्याशी बोलले नाहीत. वाफसा यावा लागतो, आणायचा नसतो. एका लग्नात लॉनवर मंगलाष्टका चालू असताना हातात अक्षता घेऊन हा गृहस्थ खाली वाकला. वधूच्या मामांना वाटलं, चक्कर आली. नाना माझ्या कानात म्हणाले, "बारीक काटे चालतील."

मोटरचंही तेच. आयटीतला एक पोरगा ६.५ टर्नची मोटर घेऊन आला. वेटोळे जितके कमी, तितकी मोटर जोरात फिरते, जास्त करंट ओढते आणि तापते. सुट्या मुरुमावर त्याची चाकं जागच्या जागी धूळ उडवत राहिली. "ताकद मातीत उतरली पाहिजे," नाना म्हणाले, "हवेत फिरवायला घरी पंखा आहे." मग १७.५ टर्नची महती आणि पाठोपाठ इतिहास: टॅमियाची ग्रासहॉपर आणि हॉर्नेट, दोन्ही १९८४च्या, पहिलीला लहान ३८०ची मोटर, दुसरीला मोठी ५४०ची. "आणि ग्रासहॉपरवाले रडत बसले का?" याचं उत्तर कोणी देत नाही. दिलं तर दुपार जाते.

पण परवा एका मुलाच्या जुन्या गाडीतून जळका वास आला. नानांनी ताप बघायची बंदूक मोटरवर धरली. आकडा ८० अंशांच्या वर. "चुंबक मरेल रे बाळा." त्यांनी दोन दात कमी असलेला पिनियन बसवला आणि स्वतःचे नुकतेच चिकटवलेले टायर त्या गाडीला चढवले. मुलगा जिंकला नाही, पण पहिल्यांदाच शर्यत पुरी करून आला. नाना तोवर माती चुरण्यात गढलेले.

चहाच्या टपरीवर मी विचारलं, ही खोड कुठली? सासवडकडे त्यांची जमीन होती. वडील असेच बांधावर उकिडवे बसायचे आणि वाफसा आल्याशिवाय तिफण रानात घालू द्यायचे नाहीत. पुढे जमीन विकली, वाटण्या झाल्या, नानांच्या वाट्याच्या पैशांतून चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट आला. "वडिलांचा अंदाज कधी चुकला नाही," एवढंच बोलून त्यांनी पेला ठेवला.

गेल्या रविवारी आमच्या प्लॉटवरही बुकिंगची पाटी लागली. आम्ही तावातावाने नवी जागा कुठली यावर भांडत होतो. बिल्डरचा इस्त्रीतला माणूस नानांजवळ आला. "काका, फ्लॅट बघताय?"

"पार्किंगला काय टाकणार?" नानांनी विचारलं. "डांबर की ब्लॉक? टायर आत्ताच ठरवायला हवेत."