तीन इंच

घर बघायला येणाऱ्याची गाडी कोपऱ्यावर वळते न वळते तोच शेजारचे अण्णा टेप घेऊन कुंपणाशी हजर. टेप पंधरा मीटरची, कापडी, आकडे पुसट झालेली. पाटबंधारे खात्यातून अण्णा कधीचे निवृत्त झाले, खातं काही त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. "आपलं काय म्हणणं नाही," ते पाहुण्याला सांगतात, "पण मागची खोली तीन इंच बाहेर आलीय." मग पुरावा म्हणून मोजमाप. टेपचं दुसरं टोक धरायला हाक सरांनाच, म्हणजे घर विकणाऱ्यालाच. सर धरतातही.

सांगलीत विश्रामबागेतला हा बंगला. मुलाच्या लग्नाच्या भरात सरांनी मागे खोली वाढवायला घेतली. भिंती उठल्या, स्लॅब पडला, मुलगा पुण्याला स्थायिक झाला आणि गिलावा राहिला. वरच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया गंज खात उभ्या होत्या. टोकांवर पाण्याच्या बाटल्या उपड्या घातल्या होत्या. सरांच्या भाषेत "थोडंसंच राहिलंय". थोडंसं म्हणजे दारं, खिडक्या, फरशी, लाईट आणि परवानगी. 1966 च्या नगररचना कायद्याप्रमाणे बांधकाम परवानगी एक वर्ष चालते. मुदतवाढ घेत गेलं तरी आणखी तीन. सरांची परवानगी कधीच वारली, आणि तिचं वर्षश्राद्ध अण्णा चुकवत नाहीत.

एक डॉक्टर जोडपं आलं. त्यांनी नळाला पाणी किती वाजता येतं एवढंच विचारलं. उत्तरादाखल त्यांना 1882 चा सुखाधिकार कायदा मिळाला. कलम 15. वीस वर्षं बिनतक्रार येणाऱ्या उजेडावर हक्क तयार होतो, आणि अण्णांच्या न्हाणीघराच्या खिडकीतला उजेड सरांच्या खोलीनं अडवलाय. तीन इंचांचा. डॉक्टरीणबाईंनी चहाही घेतला नाही. पुढे हळदीचे एक व्यापारी वास्तुवाला घेऊन आले, तर अण्णांनी ईशान्य कोपराच तीन इंच सरकवून दाखवला.

शेवटी गिऱ्हाईक टिकलं ते एक तरुण इंजिनिअर. त्याच्या बँकेचा मूल्यांकन करणारा आला. मंजूर नकाशातली, पण मुदतीत पूर्ण न झालेली खोली बँक कशाला धरते? त्यानं तिची किंमत शून्य लिहिली. आणि अण्णा भडकले.

"शून्य? स्लॅब बघा आधी! एक तडा दाखवा!"

तेव्हा कुठे उलगडलं. स्लॅब पडला त्याच आठवड्यात सर बायकोच्या ऑपरेशनसाठी मिरजेच्या दवाखान्यात अडकले होते. स्लॅबवर वाळू-सिमेंटची आळी करून, पहाटे पाचला बादल्या चढवून, चौदा दिवस पाणी मारलं ते अण्णांनी. त्याच खोलीविरुद्ध अर्ज लिहून झाल्यावर. "काम चुकीचं असलं म्हणून काय स्लॅब मरू द्यायचा?" हे सरांनाही आजवर कोणी सांगितलं नव्हतं, सांगणार कोण?

वकिलांनी पेपरात जाहीर नोटीस दिली: हरकत असल्यास चौदा दिवसांत कळवावे. सगळ्यांनी श्वास रोखला. चौदाव्या दिवशी अण्णा कात्रण घेऊन वकिलांकडे गेले. हरकत नव्हती. चतुःसीमेत पूर्व आणि उत्तर यांची अदलाबदल झाली होती, ती लाल पेननं दुरुस्त करून आले. तशीच खरेदी झाली असती तर सरांनी कागदावर भलतंच घर विकलं असतं.

सामान भरलं त्या दिवशी अण्णा कुंपणाशी आलेच नाहीत. ट्रक निघताना सरांनी दोनदा मागे पाहिलं. नव्या मालकानं महिनाभरात सळया कापल्या, बाटल्या कचऱ्यात गेल्या. खोली पाडायची की नियमित करून घ्यायची, याचा कागद अजून फिरतोय.

परवा अण्णा पुन्हा मोजत होते. नवा मालक कामावर गेलेला. सरांच्या उरलेल्या विटांच्या ढिगातली एक वीट त्यांनी उचलली, टेपच्या टोकावर ठेवली आणि मागे सरकत गेले. टेप ताणली की वीट घसरायची. अण्णा परत येऊन ती सरळ करायचे.