शेपूट सरळ करण्याचे दर

रावेतच्या कुठल्याही टॉवरच्या लिफ्टमध्ये शिरा. आरशाच्या कडेला तीन कागद चिकटवलेले सापडतील. एक जेईईच्या क्लासचा, एक पाण्याच्या टँकरवाल्याचा आणि एक कुत्र्याच्या शिकवणीचा. जेईईवाला निकालाची हमी देत नाही. टँकरवाला वेळेची देत नाही. कुत्रेवाला मात्र छापून देतो: ‘तीस दिवसांत तुमचा डॉगी तुमचं शंभर टक्के ऐकणार.’ ज्या घरात नवरा-बायको वीस वर्षांत एकमेकांचं चाळीस टक्क्यांच्या वर ऐकत नाहीत, तिथे हा आकडा मोहात पाडणारच.

दर फोनवर सांगत नाहीत. ‘सर, आधी डॉगीला बघू द्या.’ मग बघण्याचा कार्यक्रम होतो, चहापोहे होतात, त्यातले पोहे डॉगीही खातो आणि मग आकडा येतो. आमच्या भागात कानावर येतो तो साधारण असा: घरी येऊन महिनाभराचं ‘बेसिक’ दहा-बारा हजार, ‘अ‍ॅडव्हान्स’ त्याच्या दुप्पट, आणि शहराबाहेरच्या फार्महाऊसवर ठेवून शिकवायचं तर पंचवीस हजारांच्या पुढे, खाणं वेगळं. बिल पाहिजे असेल तर जीएसटी. दर जातीवर ठरतो म्हणतात (कुत्र्याच्या; गैरसमज नको). माझ्या मते तो पार्किंगमधल्या गाडीवर ठरतो.

हे महाग की स्वस्त, ते ठरवायला आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यात एक माप तयारच आहे. २०१९ च्या सुधारित नियमांनी आयटीआय झालेल्या अ‍ॅप्रेंटिसला महिन्याला किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरवून दिलं, डिप्लोमावाल्याला ८,०००. म्हणजे त्या हिशोबाने चाकणच्या लाईनवर पोरगा महिनाभर उभा राहिला तर किमान सात हजार, आणि रावेतमध्ये कुत्रा महिनाभरात खाली बसला तर बारा. बसण्याला आपल्याकडे पूर्वीपासूनच भाव जास्त.

शिकवायला येतो तो तरुण बहुतेक वेळा त्याच लाईनवरून आलेला असतो. गाव जालन्याकडचं किंवा लातूरकडचं, ट्रेड फिटर, दोन-तीन कंपन्यांत ट्रेनी म्हणून काढलेले दिवस, आणि प्रत्येक वेळी कायम होण्याच्या आत गेटपास परत. आता बाईकला चिकनच्या तुकड्यांचा डबा अडकवून तो वाकड-पुनावळे-रावेत अशा फेऱ्या मारतो. या धंद्याला कायद्याने कुठली परीक्षा नाही, परवाना नाही. त्यामुळे यात कुत्र्याची नस खरोखर ओळखणारेही आहेत आणि चार व्हिडिओ बघून पाचव्या दिवशी ‘सीनियर बिहेविअरिस्ट’ झालेलेही आहेत. बाहेरून दोघांची टोपी सारखीच दिसते.

आता गिऱ्हाइकाकडे वळू. शेजारच्या विंगमध्ये एक गृहस्थ आहेत. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत पर्चेस सांभाळतात. घरात ब्रूनो नावाचा लॅब्राडॉर, वय चौदा महिने, वजन बत्तीस किलो. ब्रूनो पाहुण्यांच्या छातीवर पुढचे पाय ठेवतो, पार्सल आणणाऱ्या पोरांना भिंतीशी खिळवतो, चपला खातो आणि फिरायला नेलं की मालकालाच फिरवून आणतो. गृहस्थांनी ब्रूनोसाठी रीतसर एन्क्वायरी काढली. तीन कोटेशनं मागवली. सर्वांत कमी दरवाल्याला रविवारी सकाळी अकराला ‘निगोशिएशन’साठी बोलावलं.

‘यात मटेरियल किती आणि लेबर किती?’

‘सर, मटेरियल म्हणजे?’

‘चिकन. ते तुम्ही आणणार की आम्ही फ्री इश्यू करायचं?’

‘तुम्ही दिलंत तर पाचशे कमी करतो सर.’

‘दुसऱ्या वर्षी तीन टक्के कॉस्ट डाऊन द्यावं लागेल.’

‘सर, दुसऱ्या वर्षी यायचं कशाला? महिन्यात शिकतो ना तो.’

‘आणि रिजेक्शन आलं तर? म्हणजे परत उडी मारली तर? डेबिट नोट कोणाच्या नावाने?’

पोरगा थोडा वेळ गप्प बसला. मग अगदी नम्रपणे म्हणाला, ‘सर, डॉगी आहे. ब्रॅकेट नाही.’

सौदा नऊ हजारांत पटला आणि दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. मी ती गच्चीच्या कठड्याला टेकून फुकट बघितली, आणि प्रामाणिकपणे सांगतो, बघण्यासारखी होती. पोरगा तुकडा मुठीत धरतो. मूठ ब्रूनोच्या नाकाशी नेतो आणि तिथून सावकाश डोक्यावरून मागे सरकवतो. नाक वर जातं, मान मागे जाते आणि मागची बाजू आपोआप खाली येते. बूड फरशीला टेकलं की त्याच क्षणी ‘येस!’ आणि तुकडा तोंडात. सगळी विद्या त्या क्षणात आहे. दोन सेकंद उशीर झाला की कुत्रा परत उभा राहिलेला असतो, आणि मग त्याला वाटतं की बक्षीस उभं राहण्याचं आहे. पाच ते दहा मिनिटं झाली की शिकवणी थांबवायची, कारण त्यापुढे कुत्र्याचं लक्ष लागत नाही. आठवडाभरात तुकडा दरवेळी द्यायचा नाही, मधूनच द्यायचा. ओरडणं नाही, साखळीचा हिसका नाही, रट्टा तर नाहीच. चौथ्या दिवशी ब्रूनो त्या पोराच्या नुसत्या बोटावर बसत होता.

पोरगा गेला. गृहस्थ मोबाईल कानाला लावून बाहेर आले, प्लँटमधल्या कोणाला तरी झापत झापत ब्रूनोला म्हणाले, ‘सिट.’ ब्रूनोने त्यांच्याकडे बघितलं, मग मोबाईलकडे बघितलं, आणि कान खाजवत आत निघून गेला. कुणाशी बोलणं चाललंय ते त्याला नीट कळलं होतं.

बरं, या घरात फर्मान सोडणारा एक माणूस नाही. साहेब ‘सिट’ म्हणतात, मुलगी ‘सिट डाऊन बेबी’ म्हणते, वहिनी ‘बस रे मेल्या’ म्हणतात आणि आजी काहीच म्हणत नाहीत, टेबलाखालून पोळीचा तुकडा सोडतात. आजींचं ब्रूनो शंभर टक्के ऐकतो. छापील हमी पूर्ण झालेली रावेतमध्ये माझ्या पाहण्यातली ही एकमेव व्यक्ती, आणि फी शून्य.

महिना संपला. ब्रूनोने सोसायटीच्या चेअरमनांच्या पांढऱ्या सदऱ्यावर दोन्ही पंजे उमटवले. कंपनीत रिजेक्शन आलं की ज्या जपानी पद्धतीने पाच वेळा ‘का?’ विचारत मुळाशी जातात (टोयोटाची ही देणगी चाकणमध्ये नमस्काराइतकी रुळली आहे), तिचा कागद आमच्या गृहस्थांनी घरी काढला.

ब्रूनो पाहुण्यांवर उडी का मारतो? कारण उडी मारली की सगळे त्याला कुरवाळतात. का कुरवाळतात? कारण तो अडीच महिन्यांचा होता तेव्हा ते फार गोड दिसायचं, आणि आम्ही त्याचे व्हिडिओ स्टेटसला टाकायचो. मोठा झाल्यावर थांबवलं का नाही? कारण थांबवायला घरात कोणी नसतं. का नसतं? कारण मी साडेसहाची कंपनीची बस पकडतो आणि रात्री साडेआठला येतो, ही हिंजवडीला जाते आणि मुलगी क्लासला. मग कुत्रा का आणला?

पाचवा रकाना कोरा राहिला. खाली मात्र कागद नियमाप्रमाणे पूर्ण केलेला आहे. मूळ कारण: मालक. सुधारात्मक कारवाई: ट्रेनर बदलणे.

‘कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच,’ असं आपल्या आज्या म्हणायच्या. नळी पुरवणाऱ्याचं बिल मात्र सरळ येतं. दुसरा ट्रेनर फार्महाऊसवाला होता. ब्रूनो सहा आठवडे वसतिगृहात राहून आला. येताना प्रमाणपत्र घेऊन आला, फोटोसहित, लॅमिनेट केलेलं. तो आता सिट, स्टे, हील सगळं करतो, फक्त फार्महाऊसवर करतो. घरी आल्यावर त्याने पहिल्या तासात आजींच्या खुर्चीखालची जुनी जागा धरली.

सदऱ्याचं प्रकरण सोसायटीच्या सभेत गेलं. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र नसेल त्या कुत्र्याला लिफ्टबंदी, असा ठराव एकाने मांडला. सेक्रेटरींनी शांतपणे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना वाचून दाखवल्या: बहुमत असलं तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही आणि भुंकणं ही कुत्र्याची नैसर्गिक अभिव्यक्ती आहे. हे शेवटचं वाक्य ऐकल्याबरोबर सभेतले सगळे एकदम बोलायला लागले. त्याच सूचनांत पुढे असंही आहे की सार्वजनिक जागेत कुत्रा पट्ट्याने बांधलेला हवा आणि रात्री त्याला गप्प ठेवायचा प्रयत्न मालकाने करायला हवा. तिथपर्यंत वाचन पोचलं तेव्हा कोरम घरी गेलेला होता.

एका वकील सभासदाने जाता जाता भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ सांगितलं. आपल्या जनावरापासून माणसाला धोका होणार नाही याची खबरदारी निष्काळजीपणे घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिक्षा मालकाला आहे, कुत्र्याला नाही. कायद्याने पाचवा रकाना कोरा सोडलेला नाही. आमच्या गृहस्थांनी तिथल्या तिथे तुलनात्मक तक्ता मांडला: प्रशिक्षण नऊ हजार, दंड जास्तीत जास्त पाच हजार. कैदेचा कॉलम त्यांनी धरला नव्हता.

आता कोणी म्हणेल, लॅब्राडॉरच मठ्ठ. तर तेही खोटं आहे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या काळात ज्याच्या नाकामुळे कित्येक स्फोट टळले, तो मुंबई पोलिसांचा जंजीर लॅब्राडॉरच होता. त्याच्या खात्यावर ३,३२९ किलो आरडीएक्सची नोंद आहे. नोव्हेंबर २००० मध्ये तो गेला तेव्हा त्याला पोलिसी इतमामात निरोप दिला गेला. आणि तो शिकला कुठे? परदेशात नाही. शिवाजीनगरला, सीआयडीच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात. ट्रॅफिक नसेल तर रावेतहून तासाभरावर, म्हणजे ती जागा आपल्याला कधीच तासाभरावर नसते, ते सोडा. मुद्दा असा की पोलिसांत कुत्रा एकटा शिकत नाही. त्याचा हँडलर त्याच्याबरोबर शिकतो, त्याला खाऊ घालतो, त्याची अंघोळ, त्याचा सराव, सगळं तोच बघतो. ‘कुत्रा तेवढा शिकवून द्या, मी संध्याकाळी घ्यायला येतो,’ अशी सोय तिथे नाही.

अंघोळीवरून आठवलं. पवनेचं पाणी आमच्या रावेतच्या बंधाऱ्यावरूनच उचललं जातं आणि नोव्हेंबर २०१९ पासून ते शहराला एक दिवसाआड येतं. ब्रूनोची अंघोळ मात्र रोजची आहे. ती टँकरच्या पाण्याने होते, त्याचा खर्च शिकवणीच्या खर्चात धरायचा की मेंटेनन्समध्ये, यावर सोसायटीचा पुढचा वाद आहे.

आणि शिकायला फी लागतेच असंही नाही. पावलोव्हला १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनक्रियेवरच्या कामासाठी. अन्न घेऊन येणाऱ्याची चाहूल लागताच कुत्र्यांना लाळ सुटते, हे त्याच्या लक्षात आलं ते त्याच कामाच्या ओघात. आमच्या चौकातल्या गावठी कुत्र्यांनी हा प्रयोग स्वखर्चाने चालू ठेवलेला आहे. चिकनवाल्याच्या शटरचा आवाज आला की चारी जण रस्त्याच्या कडेला येऊन थांबतात, गाड्या बघतात, बीआरटीची लेन ओलांडतात आणि दुकानापासून चार पावलांवर शिस्तीत बसतात. चिकनवाला रोज त्याच वेळी, त्याच जागी तुकडे टाकतो आणि आगाऊपणा करणाऱ्याला काही देत नाही. बस, एवढाच अभ्यासक्रम आहे. त्याने तो कुठे छापलेला नाही, नाहीतर त्याचाही कागद लिफ्टमध्ये दिसला असता.

तेव्हा मला विचाराल तर नऊ हजार जास्त नाहीत आणि पंचवीस हजारही जास्त नाहीत. ते कुत्र्याच्या शिकवणीचे धरले तर पाण्यात गेले, आणि आपल्या शिकवणीचे धरले तर वसूल झाले. रोजची पंधरा-वीस मिनिटं देणं होत नसेल तर लॅब्राडॉर घेऊ नका, मुलांना रविवारी चौकात चिकनवाल्याचा वर्ग दाखवून आणा. घेतलाच असेल तर ट्रेनर जरूर लावा, पण त्या वेळात घरी थांबा आणि मोबाईल आत ठेवा. पहिल्या भेटीत त्याला दराआधी एवढंच विचारा: महिनाभर पट्टा कोणाच्या हातात राहणार? ‘माझ्या’ म्हणाला तर चहा पाजून निरोप द्या. ‘तुमच्या’ म्हणाला तर घासाघीस करू नका, आणि चिकन तुम्हीच आणा.