एका गळतीचे लोकार्पण

आपल्या वऱ्हाडात नारळ फुटल्याशिवाय कोणतेही काम सुरू होत नाही आणि एकदा नारळ फुटला की ते संपत नाही. टाकीचे भूमिपूजन होते, जलवाहिनीचे होते. भुयारी गटाराचे तर आजोबांनी भूमिपूजन पाहावे आणि नातवाने लोकार्पण पाहावे, असाच बेत दिसतो. पण पंपाची ग्लँड डोरी बदलली म्हणून कोणी फीत कापल्याचे ऐकिवात नाही. व्हॉल्व्हला तेल-ग्रीस केले म्हणून कोणाचे फ्लेक्स लागत नाहीत. पाणी उलटे फिरू न देणाऱ्या एनआरव्ही व्हॉल्व्हचा फ्लॅप बसवला म्हणून ढोलताशे वाजत नाहीत. ज्या कामाला मंडप नाही त्याला मंत्री नाही, आणि ज्याला मंत्री नाही त्याला निधी नाही, हा राज्यकारभाराचा साधा हिशेब आहे. तेव्हा या सदरातर्फे शासनाला नम्र प्रस्ताव असा, की यापुढे नव्या कामांची उद्घाटने बंद करावीत आणि दुरुस्तीची सुरू करावीत.

प्रस्तावाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो.

अमरावतीचा माणूस सकाळी पेपर उघडला की आधी निधनवार्ता बघतो आणि मग पाण्याची बातमी. दोन्हींची भाषा एकच असते: घटना अचानक घडलेली, कोणाचाच दोष नाही आणि सर्वांनी धीर धरावा. 'मुख्य जलवाहिनी फुटली. दोन दिवस पाणीपुरवठा बंद. नागरिकांनी सहकार्य करावे.' सहकार्य म्हणजे आंघोळ करू नये. जलवाहिनी 'फुटली' म्हणजे जणू तिने रात्री उठून, विचार करून, स्वतःच हा निर्णय घेतला.

तिची बाजू कोणी ऐकून घेत नाही. इंग्रजांच्या काळात या शहराची तहान वडाळी आणि छत्री तलाव भागवायचे. आता पाणी येते मोर्शी तालुक्यातल्या सिंभोऱ्याहून, अप्पर वर्धा धरणातून. या धरणाच्या जलाशयाचे नाव नल-दमयंती सागर. नलाच्या नावाचा सागर आणि नळाला पाणी नाही, हा विनोद पुराणकारांना सुचला नव्हता, तो आपण प्रत्यक्षात आणला. पन्नासेक किलोमीटरची ही वाट काळ्या मातीतून येते. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते, आणि दरवर्षी पाइपाचे सांधे थोडेथोडे हलवते. त्यात वीज. पंप जोरात चालू असताना वीज गेली की पुढे धावणारे पाणी थबकते, मागे फिरते आणि एनआरव्हीवर आदळते. त्या दणक्याने पाइपाचा जो सांधा सर्वांत अशक्त असेल तो सुटतो. वीज क्षणभर जाते, पाणी दोन दिवस. वीजवाले म्हणतात, 'आमची तर लगेच आली होती.' खोटे नाही.

मग सुरू होते मेकॅनिकची रात्र. शेतात जेसीबी लागतो, खड्ड्यातले पाणी उपसायला इंजिन लागते, आणि मुख्य म्हणजे फुटलेली वाहिनी आधी रिकामी व्हावी लागते, कारण पाणी वाहत असताना वेल्डिंग धरत नाही. मोठी वाहिनी रिकामी व्हायलाच कित्येक तास जातात आणि दुरुस्तीनंतर ती हळूहळू भरावी लागते. घाईने भरली तर आत कोंडलेली हवा दुसरीकडे पाइप फोडते. हे त्या फिटरला कळते. फोन करणाऱ्याला कळत नाही.

'किती वेळ लागन?'
'साहेब, लाइन खाली होऊन राह्यली.'
'ते समजलं मले. पण किती वेळ लागन?'
'खाली झाली का वेल्डिंग, वेल्डिंग झालं का...'
'बाप्पा, म्या किती वेळ लागन ते इचारून राह्यलो!'

असे फोन रात्रभर येतात. प्रत्येक फोन घ्यायला तो खड्ड्यातून वर येतो. काम तेवढेच लांबते. सकाळी पेपरात छापून येते, 'लोकप्रतिनिधींनी रात्रभर परिस्थितीवर लक्ष ठेवले.'

या मेकॅनिकचे शास्त्र वेगळे आहे. पंपाचा शाफ्ट जिथून केसिंगच्या बाहेर येतो तिथे ग्लँड असते, तिच्यात डोरीचे वेढे असतात, आणि चालू पंपाच्या ग्लँडमधून पाण्याचे थेंब पडलेच पाहिजेत. त्या थेंबांनीच शाफ्ट थंड राहतो. पाहणीला आलेल्या साहेबांच्या बुटावर असा थेंब पडतो. साहेब म्हणतात, 'ही गळती दिसत नाही का? आवळा.' मेकॅनिक मान डोलावतो आणि साहेबांच्या समोर आवळतो. गाडीची धूळ खाली बसली की पुन्हा सैल करतो. त्याने खरोखर आवळून ठेवली असती तर डोरी जळून शाफ्टला चरे पडले असते आणि अहवालात 'कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा' असे आले असते. वऱ्हाडातले कितीतरी पंप आज चालू आहेत ते आदेश पाळल्यामुळे नव्हे, न पाळल्यामुळे.

शहराच्या पोटातला नकाशा असाच व्हॉल्व्हमनच्या डोक्यात असतो. कोणत्या चौकात स्लुस व्हॉल्व्ह आहे, कोणता उलटा फिरतो, कोणता अर्ध्यावर अडकलेला आहे आणि तसाच राहू द्यावा, कोणत्या दुकानाच्या पायरीखाली जुन्या बिडाच्या लाइनीचा जोड आहे, हे कागदावर कुठेच नाही. दरम्यान आपण रस्ते सिमेंटचे केले. सिमेंट ओतताना व्हॉल्व्हचे चेंबर खाली गेले. ठेकेदाराला रस्ता दिसत होता, व्हॉल्व्ह दिसत नव्हता, आणि बिल रस्त्याचे होते. आता तो म्हातारा व्हॉल्व्हमन सायकलवरून येतो, खांद्यावर टी आकाराची लांब किल्ली, रस्त्यावर टाच आपटतो आणि म्हणतो, 'अथी फोडा.' फोडतात. तिथेच निघतो. मग एके दिवशी त्याला शाल, श्रीफळ देऊन निवृत्त करतात. शहराच्या नकाशाला निरोप देतो आहोत, याची कल्पना सभागृहात कोणालाच नसते. त्याच्या जागी कायम माणूस भरला जात नाही, ठेकेदाराचा पोरगा येतो. तो हुशार असतो, कष्टाळूही असतो, पण त्याला पगार कधी मिळेल हे त्या व्हॉल्व्हइतकेच जमिनीखाली असते.

अकोल्याने यापुढची पायरी गाठली आहे. तिथले पाणी बार्शीटाकळी तालुक्यातल्या महानहून, काटेपूर्णा धरणातून येते. अमरावतीत एक दिवसाआडची तक्रार आहे. अकोलेकराने उन्हाळ्यात चार-पाच दिवसांचे अंतर इतके सहज पचवले आहे की त्याच्या घरी कॅलेंडर तिथीसाठी नाही, नळासाठी टांगलेले असते. मुलीचे स्थळ बघायला पाहुणे कधी बोलवावेत? नळ आले त्याच्या दुसऱ्या दिवशी. आपल्याकडे 'नळ आले' असेच म्हणतात, पाहुण्यासारखे, अनेकवचनी. आणि नळ आले की घराघरांत टिल्लू पंप घुरघुरू लागतात. प्रत्येक जण थेट लाइनीतून ओढतो, शेवटच्या घरी नळातून फक्त हवा येते, आणि शेवटच्या घरचा माणूस चिडून मोठा टिल्लू आणतो. मग सर्व मिळून व्हॉल्व्हमनला शिव्या देतात, कारण त्याने 'आपल्या लाइनीला कमी सोडले'.

पाणी चार दिवस नसते तेव्हा लाइन रिकामी असते, ही बाब आणखी नाजूक. रिकाम्या, दाब नसलेल्या पाइपाला जिथे भोक असते तिथून बाहेरचे पाणी आत शिरते. बाहेर नाली असते. म्हणून नळ आल्यावर पहिली बादली गढूळ. त्यात पूर्णेचे खोरे म्हणजे खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलडाण्याच्या शेकडो गावांत विहीर खोदली तर खारे पाणी लागते, आणि खाऱ्या मातीत लोखंड लवकर गंजते. म्हणजे जिथे पाइपाशिवाय गोडे पाणी नाही, तिथेच पाइप टिकत नाही. निसर्गानेही निविदा कोणाच्या सोयीने काढली, कळत नाही.

आता सांडपाण्याकडे वळू. नाक धरायला हरकत नाही. अमरावतीत नळाचे पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचे आणि नालीचे पाणी महापालिकेचे. कागदावर ही दोन पाणी कधी भेटत नाहीत. जमिनीखाली रोज भेटतात. दोन्ही पाइप एकमेकांना ओलांडतात तिथे गळती झाली, तर आधी ती कोणाची हे ठरवायचे असते. रंगावरून ठरवावे तर पाणी दोघांचेही सारखेच दिसते.

सांडपाण्याच्या पंपावरचा मेकॅनिक हा या शहरांचा खरा इतिहासकार. आपण काय आहोत हे त्याला जाळीवर दिसते: साड्या, पोती, गुटख्याच्या पुड्या, डायपर, निर्माल्य, दहा दिवसांच्या बाप्पाचे थर्माकोल. सगळे इंपेलरमध्ये गुंडाळले जाते. तो पंप उघडतो, हाताने ओढून काढतो, पुन्हा बसवतो. वरच्या मजल्यावर राहणारे कुटुंब पुन्हा साखळी ओढते आणि शहर स्वच्छ असल्याचे समाधान मानते.

चेंबरात हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असला तर सडक्या अंड्याचा वास येतो. फार असला तर नाकच बधिर होते आणि वास येणे थांबते. म्हणजे वास नाही म्हणून निर्धास्त उतरलेला माणूस सर्वांत मोठ्या धोक्यात असतो, आणि त्याला काढायला घाईने उतरलेला दुसरा त्याच्याइतकाच. संरक्षक साधनांशिवाय गटारात माणूस उतरवण्यावर बंदी घालणारा कायदा 2013 चा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अशा मृत्यूला दहा लाखांची भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये ती तीस लाख केली. न्यायालयाने रक्कम वाढवली ती यंत्रणांना धाक बसावा म्हणून. यंत्रणांना त्यातून वेगळाच बोध होण्याची भीती आहे: मेलेल्या माणसासाठी तरतूद करता येते, कारण तिला न्यायालयाचा आदेश असतो. जिवंत माणसाच्या गॅस मोजणाऱ्या यंत्राला मात्र तीन दरपत्रके लागतात.

सोहळा दिसतो, रोजचे काम दिसत नाही, याला अकोल्याच्या मोर्णा नदीचे उदाहरण घ्या. जानेवारी 2018 मध्ये हजारो अकोलेकर नदीत उतरले, जलकुंभी काढली, आणि पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्यांचे कौतुक केले. कौतुक योग्यच होते. पण जलकुंभी जगते ती सांडपाण्यातल्या खतावर. तिने रेडिओ ऐकला नाही आणि ती परत आली. नदी एका शनिवारी स्वच्छ करायला सहा हजार माणसे लागतात. ती रोज स्वच्छ ठेवायला शिलोड्याच्या शुद्धीकरण केंद्रातली काही मोजकी माणसे पुरतात, पण पंप चालू हवा, वीज हवी, सुटे भाग हवेत, आणि नाल्यातले पाणी तिथवर पोचायला हवे. सहा हजारांचा फोटो निघतो. त्या मोजक्या माणसांचा निघत नाही.

आणि झाडू. गाडगेबाबा आपल्याच जिल्ह्यातले, शेंडगावचे. समाधी अमरावतीत, विद्यापीठाला नाव त्यांचे, स्वच्छता अभियानाला नाव त्यांचे. दर जयंतीला, 23 फेब्रुवारीला, मान्यवर नवा झाडू हाती घेतात आणि आदल्या रात्री झाडलेला रस्ता पुन्हा झाडतात. बाबा आधी गाव झाडायचे आणि मग कीर्तन करायचे. आपण कीर्तन ठेवले.

इथपर्यंत हसून घ्या. जुलै 2022 मध्ये मेळघाटातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत उघड्या विहिरीचे पाणी पिऊन शेकडो लोक आजारी पडले, काही दगावले. थकलेल्या बिलापायी नळयोजनेची वीज तोडली होती, अशी बातमी तेव्हा आली. योजना होती, पाइप होते, पंप होता. भूमिपूजन नक्कीच झाले असेल.

म्हणून प्रस्ताव. सोबत कार्यक्रमपत्रिकेचा नमुना जोडतो, शासनाने तो जसाच्या तसा वापरावा:

'भव्य गळती दुरुस्ती लोकार्पण सोहळा. स्थळ: खड्डा. वेळ: रात्री अडीच. शुभहस्ते: ज्याच्या हातात पाना आहे तो. प्रमुख उपस्थिती: जेसीबी. मान्यवरांनी गमबूट घालून यावे, व्यासपीठ निसरडे आहे. सत्कार: ग्लँड डोरी, दोन गॅस्केट, एक एअर व्हॉल्व्ह. भाषणे: लाइन भरेपर्यंत, म्हणजे भरपूर वेळ आहे. आभार: नळ.'

यातून काय होईल ते सांगतो. मान्यवरांना वर्षभर उद्घाटने मिळतील, कारण नव्या टाक्या मोजक्या असतात, गळत्या अगणित. फ्लेक्सवर व्हॉल्व्हमनचा फोटो येईल, खाली 'शहराचे लाडके' लिहिलेले असेल. सुट्या भागांच्या खरेदीला निधी मिळेल, कारण रिकाम्या हाताने सत्कार करता येत नाही. आणि कायम मेकॅनिकची पदे भरली जातील, कारण फीत धरायला माणूस लागतोच.

प्रस्ताव मंजूर होईपर्यंत वाचकांनी घरी तीन कामे करावीत. टिल्लू काढावा. पाणीपट्टी भरावी. आणि मत मागायला दारात आलेल्याला नवी टाकी कधी होणार, हे विचारू नये. तो लगेच तारीख सांगेल. जुन्या टाकीचा व्हॉल्व्ह शेवटचा कधी दुरुस्त झाला आणि तो करणाऱ्याचा पगार झाला का, एवढेच विचारावे.