हळदीच्या ड्रोनला नेलपॉलिश कसं लावावं

नायगाव स्टेशनात पूर्वेला उतरा नाहीतर पश्चिमेला, लग्नाच्या मोसमात डोक्यावर काहीतरी घोंघावतंच. पूर्वी आपण डास समजून टाळी वाजवायचो, आता वर बघून केस सारखे करतो. हळदीला ड्रोन नसेल तर पाहुणे यजमानाला बाजूला घेऊन विचारतात, "सगळं ठीक आहे ना?" आणि सगळ्यांचे ड्रोन सारखेच राखाडी. मग आपला उठून दिसायचा कसा? पाती रंगवून! उडण्यावर काडीचाही परिणाम न होता पाती रंगवणं अगदी सोपं आहे. माझ्या भाच्याने ते तीनदा केलंय. दोन ड्रोन लागले.

१. आधी कारण ठरवा. विमानाच्या पंख्याची टोकं पिवळी किंवा लाल-पांढरी रंगवतात, ती जमिनीवरच्या माणसाला फिरता पंखा दिसावा आणि त्याचा हात शाबूत राहावा म्हणून. नॉर्वेत स्मोला बेटावर काही पवनचक्क्यांच्या तीनपैकी एकच पातं काळं केलं, तर धडकून मरणारे पक्षी सुमारे ७० टक्क्यांनी कमी झाले. २०२० साली तो अभ्यास छापून आला. ही झाली फुटकळ कारणं. तुमचं कारण भक्कम आहे: पलीकडच्या गल्लीतल्या फोटोग्राफरने निळी पाती लावलीत.

२. रंग नवरीच्या शालूवरून ठरवू नका, कारण शालू ऐनवेळी बदलतो. रंगाचा सल्ला हवाच असेल तर जूचंद्रला जा. रांगोळीचं गाव म्हणून त्याचं नाव आहे. तिथले कलाकार चिमटीतल्या भुकटीने माणसाच्या गालावरची सुरकुती काढतात. फक्त जाताना ड्रोन घरी ठेवा. रांगोळीचा वरून फोटो घ्यायला तो चार हात खाली आणलात, तर दोन दिवसांच्या कामाची दोन सेकंदांत होळी होईल, आणि मग तुम्हाला कुठले रंग लावतील ते सांगता येत नाही.

३. वजन बघा. २०२१च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो', त्याला पायलटचा परवाना लागत नाही. कंपन्याही २४९ ग्रॅमचे ड्रोन काढतात. म्हणजे तुमच्या हौसेला मोकळा ग्रॅम उरला एक. दुसरा हात मारलात की नॅनोचा मायक्रो झाला. आणि हळदीचे पैसे घेता म्हणजे धंदा, धंदा म्हणजे परवाना. एवढं वाचून घाबरू नका. कुणी वजन करायला येत नाही.

४. सामान. जाणकार पातळ स्प्रेचा एक हलका हात मारतात. आपण जाणकार नाही, आपल्या घरी बहिणीचं नेलपॉलिश आहे. 'मॅजेंटा शिमर' असलं काहीतरी नाव बघून उचला. चकाकीचे कण असतील तर उत्तमच, हवेला पात्यावरून घसरताना जरा अडखळायला मिळतं. आधीचा हात पुसायला रिमूव्हर वापरा. काही प्लास्टिकांना ॲसिटोनने केसासारख्या बारीक चिरा जातात, पण त्या रंगाखाली झाकल्या जातात, काळजी नको.

५. आता पाती सोडवा. आठ पाती, आठ बारीक स्क्रू. त्यातला एक फरशीवर पडेल आणि फ्रिजखाली जाईल, तो आपला नव्हताच असं समजा. चारपैकी दोन पंखे घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतात, दोन उलटे. कुठलं पातं कुठल्या हाताला, हे कळावं म्हणून कंपनीने बारीक खुणा केलेल्या असतात. पहिला हात नेमका त्या खुणांवर द्या. आमच्या भाच्याने दिला. मग अंदाजाने जोडून त्याने गच्चीवर बटण दाबलं, तर ड्रोन वर जायच्या ऐवजी जागच्या जागी कासवासारखा उताणा पडला आणि चारही पाय हलवत राहिला. पहिला रंग तिथेच गच्चीच्या लादीला लागला. अजून आहे, मॅजेंटा.

६. तोल. इथे जरा थांबा, कारण सगळी मेख इथेच आहे. समजा, एका पात्याला मध्यापासून पाच सेंटिमीटरवर फक्त ०.१ ग्रॅम रंग जास्त लागला. मिनिटाला ८००० फेरे धरा. त्या थेंबाची बाहेरची ओढ होते जवळजवळ साडेतीनशे ग्रॅमची. अख्खा ड्रोन २४९ ग्रॅमचा, आणि त्याला पंख्याच्या टोकाला धरून कुणीतरी साडेतीनशे ग्रॅमने हिसके देतंय, सेकंदाला सव्वाशेपेक्षा जास्त वेळा. आणि थेंब तो केवढासा! मोटरीचं बेअरिंग किरकिरतं, कॅमेरा थरथरतो, व्हिडिओत नवरानवरी डब्यातल्या जेलीसारखे डुलतात.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक पातं तोलणं. घरच्या काट्यावर ते जमत नाही, त्यावर बटाटे तोलतात. भाचा गेला सोनाराकडे. ऐन लग्नसराईत, गंठणाच्या गर्दीत, आठ मॅजेंटा पाती त्याने मखमलीवर मांडली. सोनाराने चष्मा कपाळावर चढवला, एकेक पातं काट्यावर ठेवून आकडे लिहून दिले आणि सवयीने विचारलं, "घट किती धरायची?" हलक्या पात्याला पारदर्शक टेपचा तुकडा लावायचा, म्हणजे जड पात्याशी बरोबरी होते. टेप गरम हवेत सुटते. सुटू दे, तोवर अक्षता पडलेल्या असतात.

७. पाती मोडली तर? खुशाल मोडा. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोन परदेशातून आणायला बंदी आहे, सुट्या भागांना नाही. म्हणजे सरकारनेही तुमचा विचार केलेला दिसतो.

८. पहिली चाचणी मिठागराकडे घ्या. तिथे माणूस नाही, फक्त बगळे, घारी आणि खाडीचा वारा. घारीला रंगीत पाती आवडतात की नाही ते मला माहीत नाही. ती यायची तर राखाडी ड्रोनवरही येते. रेल्वेच्या बाजूला मात्र नेऊ नका. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात, आणि आधीच उशिरा धावणारी विरार लोकल तुमच्यामुळे थांबली असं कळलं तर डब्यातले लोक रंग विचारणार नाहीत.

९. प्रत्यक्ष हळद. मांडवात धवलारीण लग्नगीतं गात असते, डीजे तिला गाऊ देत नसतो, आणि त्या दोघांवर तुमचा ड्रोन. खाली आणलात की हळदीची ताटं, अक्षता आणि एखादा फेटा हवेत. एखादी आजी ओरडेल, "बाला, यो भोवरा आदी खाली घे!" घाई करू नका. मुख्य काम आता आहे: वर बघून रंग कसा दिसतो ते पाहणं.

दिसत नाही. एवढ्याशा फिरत्या पात्याचा रंग खालून दिसत नसतो, दिसते ती धुरकट चकती. आणि शंभर फुटांवर चकतीही नाही, एक ठिपका. गावठाणाच्या मोजणीत स्वामित्व योजनेचे ड्रोन आले, तेव्हा रंग जमिनीला लावला होता, वरून दिसावा म्हणून हद्दींवर चुन्याच्या रेघा मारून. त्यांना तरी माहीत होतं चुना कुणाला लावायचा.

१०. ही पायरी वाचू नका. पर्मनंट मार्करने पात्यांच्या टोकांना एकेक पातळ रेघ मारली तरी ओळखीपुरतं काम होतं, वजनही नगण्य. तयार रंगीत पातीही बाजारात मिळतात. पण मग तुमच्या बोटांना रंग कुठून लागणार?

११. रंग लोकांना दाखवायचा तर पाती थांबलेली हवीत. भाच्याला हे तिसऱ्या वेळी साधलं. टेप सुटली, ड्रोन मांडवावरून तिरका गेला आणि उमेळमानला एका वाडीतल्या माडाच्या शेंड्यात जाऊन बसला. आठही पाती फैलावलेली, रस्त्यावरून स्पष्ट दिसत होती. वऱ्हाड जेवण सोडून बघायला आलं. माडावर चढणारा माणूस दुसऱ्या दिवशी मिळाला, त्याने खालूनच विचारलं, "नारळ पाडू का ती गुलाबी फुलं?"