माझं माप

माझं माप काढायला आमच्या घरात माणसांची वानवा कधीच नव्हती. पण ते काम एका चित्रांच्या पुस्तकाने करावं, आणि तेही मीच पैसे मोजून आणलेल्या, हे जरा जास्तच झालं.

नऊ वर्षांची भाची सुट्टीला येणार म्हणून मी 'अ‍ॅक्च्युअल साइझ' मागवलं. स्टीव्ह जेन्किन्स या अमेरिकन चित्रकाराचं, २००४ सालचं. हा गृहस्थ रंगीत कागद कापून, फाडून, चिकटवून प्राणी उभे करायचा, आणि या पुस्तकात त्याने ते खऱ्या मापात काढलेत. अख्खा प्राणी मावत नसेल तर नुसता पाय किंवा डोळा, पण मापात काटछाट नाही. प्राणिशास्त्रात माझी मजल गाय दूध देते आणि पाल अंगावर पडते, इथवरच. तरी म्हटलं, पोरांचं तर पुस्तक आहे, त्यात मामाला काय अवघड?

"मामा, इथे हात ठेव," भाची म्हणाली. मुखपृष्ठावर गोरिलाचा पंजा होता. लोकलच्या दांडीला तीस वर्षं लटकून कमावलेला माझा हात मी ऐटीत त्यावर टेकवला, तर आजोबांचं बोट धरून बाळ बागेत निघाल्यासारखं दिसायला लागलं. मग तिने स्वतःचा हात माझ्या हातावर ठेवला, नीट निरखला आणि म्हणाली, "आपले जवळजवळ सारखेच आहेत."

आत एका पानावर नुसता डोळा. आपण ज्याला माकूळ म्हणून तळून खातो, त्याच्या समुद्रातल्या राक्षसी भाऊबंदाचा, फूटभर रुंद! खात्री करायला मी जेवणाचं ताट आणून त्यावर धरलं, तेवढ्यात आतून आवाज आला, "अहो, ताटं घेतलीच आहेत तर पाणीही घ्या," आणि पुढच्या पाच मिनिटांत मी चौघांची पानं मांडून, लिंबू चिरून, मीठ वाढून मोकळा झालो होतो. विज्ञान राहिलं बाजूला.

जेवणानंतर एका पानावर कोळी निघाला. केसाळ, फूटभर पसरलेला. "हे चित्रकाराने फुगवलंय," मी ठणकावून सांगितलं. भाचीने शांतपणे शेवटची पानं उघडली, तिथे सगळ्यांची माहिती होती. गोलायथ बर्डईटर, दक्षिण अमेरिकेतला, आणि माप अगदी खरं. "म्हणजे पक्षी खाऊन माजलाय," मी सावरून घेतलं. "नक्की?" तिने विचारलं. हा 'नक्की' तिने माझ्या बहिणीकडून घेतलाय.

इभ्रत राखायला मी मध्यरात्रीपर्यंत मोबाइलवर वाचत बसलो. हा बाबा पक्ष्यांच्या वाटेला क्वचितच जातो. गांडुळं, किडे, बेडूक यांवर भागवतो. 'पक्षीखाऊ' हे बिरुद आलं ते मारिया सिबिला मेरियन या चित्रकर्तीच्या सुरिनामच्या कीटकांवरच्या १७०५ सालच्या पुस्तकातून. त्यात एक कोळी इवल्याशा हमिंगबर्डवर ताव मारतोय, आणि तो कोळीही भलत्याच जातीचा. म्हणजे कोळ्याचं चित्र पाहून फसणारा मी काही पहिला नव्हतो.

आणि माझी ती फसायची शेवटची वेळही नव्हती, कारण पहाटे तीनला पाणी प्यायला उठलो तेव्हा चष्मा उशाशी, डोक्यात कोळी, टीपॉयवर पुस्तक तसंच उघडं, पंख्याच्या वाऱ्याने पान हललं, त्याबरोबर आठही पाय हलले, आणि "अगं, उठ, उठ!" असं ओरडत मी मोरीतली ओली चप्पल उचलून नेम धरला. आयुष्यात पहिल्यांदा माझा नेम बरोबर बसला.

दिवा लागला. बायकोने आधी पुस्तकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि काही न बोलता दिवा मालवला.

सकाळी पाहतो तो त्या पानावर कोळ्याच्या शेजारी एक चिठ्ठी चिकटवलेली. भाचीचं अक्षर वळणदार आहे. 'मामाची चप्पल. नऊ नंबर. खऱ्या मापात.'